चुका सुधारणारे अभियंते कोठून येणार?

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरचे हे जंक्शन. वणी, आदिलाबाद, मुदखेडकडे जाणारा मार्ग येथून फुटतो. दुसरी ओळख वेकोलिच्या कोळसा खाणींची. वर्धा खोऱ्यातील कोळशावर चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र चालते आणि २९२० मेगावॅट क्षमतेच्या त्या केंद्रामुळे दूरदूरच्या शहरांत दिवे लागतात. ज्यांच्या अंगणावर कोळशाची धूळ बसते, त्यांचा उल्लेख त्या प्रकाशात क्वचितच होतो.

शेत आणि खाण यांत एक मूलभूत फरक आहे. शेत दरवर्षी पिकते. खाण एकदाच पिकते. प्रत्येक खाणीचे आयुष्य ती उघडतानाच कागदावर लिहिलेले असते. जमीन दिल्याच्या मोबदल्यात घरातील एकाला नोकरी मिळते, परंतु त्या नोकरीचा वारसा पुढच्या पिढीला मिळत नाही आणि गेलेली जमीनही परत येत नाही. म्हणून खाण परिसरातील मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न हा अन्य कोणत्याही गावापेक्षा अधिक निकडीचा असतो. आज या घरांसमोरचा राजमार्ग ठरलेला आहे. बारावीनंतर अभियांत्रिकी, तीही शक्यतो संगणकाची, आणि मग पुणे, हैदराबाद किंवा बंगळूर. हा मार्ग वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. त्याने हजारो मध्यमवर्गीय घरे सावरली. पण हा मार्ग कोठे थांबतो आणि त्यापुढे काय आहे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

त्यापुढे जे आहे, त्यातील एका क्षेत्राचे नाव अवघड आहे : क्वांटम त्रुटी-सुधारणा. नाव ऐकूनच 'हे आपल्यासाठी नाही' असे माजरीतील पालकाला वाटेल. वस्तुतः, हे काम ज्या गुणांची मागणी करते ते गुण कोणत्याही महानगराची मिरासदारी नाहीत.

चुकणारे यंत्र

क्वांटम संगणकाविषयी वृत्तपत्रांत अद्भुतरम्य वर्णने येत असतात. त्यात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, हे यंत्र सतत चुकते. आपल्या घरातील संगणकात माहिती शून्य किंवा एक या रूपात असते आणि त्यातील घटक अब्जावधी क्रियांतही क्वचितच चुकतो. क्वांटम संगणकातील घटक, म्हणजे क्यूबिट, शून्य आणि एक यांच्या संयुक्त अवस्थेत राहू शकतो. हीच त्याची शक्ती आणि हीच त्याची दुर्बलता. किंचित उष्णता, एखादी भरकटलेली लहर, शेजारच्या क्यूबिटचा स्पर्श, एवढ्यानेही ती अवस्था बिघडते. आजच्या चांगल्या यंत्रातही साधारणपणे हजार क्रियांमागे एखादी चूक होते. उपयुक्त गणितासाठी मात्र कोट्यवधी क्रिया ओळीने अचूक व्हाव्या लागतात. म्हणजे चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था नसेल, तर या यंत्राची किंमत एका महागड्या खेळण्याहून अधिक नाही.

घनपाठाची रीत आणि तिची मर्यादा

चुकांपासून मजकुराचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न भारताला नवा नाही. लिपीवर विसंबून न राहता वेदसंहिता हजारो वर्षे मुखोद्गत राखताना आपल्या पूर्वजांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पद्धती योजल्या. जटापाठात पहिले पद व दुसरे पद, मग दुसरे व पहिले, पुन्हा पहिले व दुसरे असा क्रम असतो. घनपाठात ही गुंफण अधिक दाट होते. एकच पद ठरलेल्या क्रमाने अनेक वार येत असल्यामुळे एखाद्या जागी चूक झाली तर ती लगेच कानाला खटकते. माहितीची योजनापूर्वक पुनरुक्ती करून चूक पकडणे, हे आधुनिक संकेतशास्त्राचेही मूळ सूत्र आहे. या परंपरेचा अभिमान बाळगणे सर्वस्वी योग्य आहे.

परंतु अभिमानाच्या भरात घनपाठात क्वांटम संगणक शोधणे योग्य नाही. कारण नेमका येथेच निसर्गाने एक अडसर घातला आहे. क्यूबिटच्या अज्ञात अवस्थेची हुबेहूब प्रत काढताच येत नाही, हे १९८२ साली गणिताने सिद्ध झाले. शिवाय त्या अवस्थेकडे थेट पाहू गेल्यास ती मोडते. ज्याची पुनरुक्ती करता येत नाही आणि जे तपासताही येत नाही, त्यातील चूक शोधायची कशी? हे अशक्य असल्याचे मत अनेक वर्षे प्रचलित होते. १९९५ साली पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने नऊ क्यूबिटांत एका क्यूबिटची माहिती पसरवून ठेवण्याची रीत मांडली आणि अशक्य ते शक्य ठरले.

त्या रीतीचे मर्म माजरीसारख्या रेल्वेच्या गावाला समजणे कठीण नाही. रेल्वेच्या सिग्नल व्यवस्थेत ॲक्सल काउंटर नावाचे उपकरण असते. एका टोकाला मार्गावर शिरलेल्या आसांची संख्या मोजली जाते, दुसऱ्या टोकाला बाहेर पडलेल्यांची. दोन्ही आकडे जुळले तर मार्ग मोकळा. न जुळले तर मध्ये काही तरी आहे. मध्ये उभी असलेली गाडी कोणालाही पाहावी लागत नाही. क्वांटम त्रुटी-सुधारणेत असेच होते. माहिती धारण करणाऱ्या क्यूबिटांना न विचारता त्यांच्यामधले जोड तपासले जातात : शेजारी परस्परांशी जुळतात की नाही, एवढेच. या तपासणीतून जे उत्तर येते त्याला शास्त्रज्ञ 'सिंड्रोम' म्हणतात. हा शब्द वैद्यकातला आहे. लक्षण दिसते, रोग दिसत नाही. लक्षणांवरून रोगाचे निदान करायचे असते.

निदान करणारा कोण?

हे निदान करणाऱ्या आज्ञावलीला 'डिकोडर' म्हणतात आणि येथे सॉफ्टवेअर अभियंत्याचा प्रवेश होतो. सामान्य समजूत अशी की, क्वांटम संगणक म्हणजे केवळ भौतिकशास्त्रज्ञांचे राज्य. पण यंत्राच्या गाभ्याशी जी धावपळ चालते, ती मोठ्या प्रमाणावर सामान्य संगणकाच्या आज्ञावलींची असते.

गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'विलो' या १०५ क्यूबिटांच्या चिपचे उदाहरण पाहावे. तिच्यावर क्यूबिटांची चौरस जाळी तीन बाय तीन, पाच बाय पाच आणि सात बाय सात अशी वाढवत नेली, तेव्हा प्रत्येक टप्प्याला चुकांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. जाळी वाढली की चुका घटतात, हे तीस वर्षांपूर्वीचे गणिती भाकीत प्रत्यक्षात उतरल्याचा हा महत्त्वाचा पुरावा होता. या प्रयोगात तपासणीची एक फेरी सुमारे १.१ मायक्रोसेकंदात पूर्ण होत होती. म्हणजे एका सेकंदात नऊ लाखांहून अधिक फेऱ्या. पाच बाय पाचच्या जाळीत प्रत्येक फेरीला २४ उत्तरे येतात. एकाच सुरक्षित क्यूबिटासाठी सेकंदाला दोन कोटींहून अधिक उत्तरे! ती वाचून, कोठे काय बिघडले याचा निर्णय यंत्र चालू असतानाच द्यावा लागतो.

निर्णय रेंगाळला तर काय होते, हे कोळशाच्या सायडिंगवर काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. रिकामे वॅगन येण्याचा वेग कोळसा पडण्याच्या वेगापेक्षा कमी झाला की ढीग वाढू लागतो आणि एका मर्यादेनंतर सारे कामच थांबते. डिकोडर मागे पडला की तसाच ढीग लक्षणांचा साठतो. म्हणून या क्षेत्रातील अभियंत्याला केवळ बरोबर उत्तर देऊन भागत नाही; ते वेळेत द्यावे लागते. कधी उत्तम उत्तराऐवजी पुरेसे चांगले पण जलद उत्तर निवडावे लागते, कधी आज्ञावली थेट इलेक्ट्रॉनिक मंडलात कोरावी लागते.

या कामाच्या मुळाशी असलेले गणितही परग्रहावरचे नाही. बिघाडाची लक्षणे जाळीवर ठिपक्यांसारखी उमटतात आणि त्यांच्या जोड्या सर्वांत कमी खर्चात कशा लावाव्यात, हा प्रश्न सोडवावा लागतो. हा आलेखशास्त्रातील प्रश्न जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्येच, कोणताही क्वांटम संगणक अस्तित्वात नसताना, सोडविला होता. रेखीय बीजगणित, संभाव्यता, आलेखशास्त्र आणि काटेकोर आज्ञावली लिहिण्याची शिस्त ही या अभियंत्याची शिदोरी. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी. क्रेग गिडनी यांनी तयार केलेली 'स्टिम' ही त्रुटी-सुधारणेचे प्रयोग संगणकावर करून पाहण्याची आज्ञावली किंवा 'पायमॅचिंग' हा डिकोडर विनामूल्य उपलब्ध आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. शून्याखाली २७३ अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागणारे यंत्र माजरीत येणार नाही. पण त्या यंत्राच्या चुकांचा अभ्यास माजरीत बसून निश्चितच करता येतो.

विदर्भाला विसरलेला वारसा

'आपल्याकडच्या मुलांना हे कसे जमणार?' या शंकेला विदर्भाच्याच मातीत उत्तर आहे. डॉ. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचे नाव आज किती वैदर्भीय घरांत ठाऊक असेल? नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि पुढे तेथेच अध्यापन केलेले हे गणितज्ञ. महान गणितज्ञ ऑयलर याने १७८२ साली एक अनुमान मांडले होते. सहा पलटणींचे, सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करायचे की, प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. हे अशक्य आहे आणि दहा, चौदा, अठरा अशा पुढच्या चौरसांतही ते अशक्यच आहे, असे ऑयलरचे म्हणणे. सहाच्या बाबतीत तो बरोबर ठरला. पण पुढच्या सर्व संख्यांबाबत तो चुकला होता, हे १७७ वर्षांनी, १९५९ मध्ये, राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि ई. टी. पार्कर या तिघांनी सिद्ध केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली.

त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी त्रुटी सुधारणाऱ्या संकेतांच्या बांधणीवर एक शोधनिबंध लिहून हॅडामार्ड मॅट्रिक्स या गणिती रचनेशी असलेला त्यांचा संबंध स्पष्ट केला. अशाच जातीचा संकेत १९७१ मध्ये 'मरिनर ९' या यानाने मंगळाची छायाचित्रे पृथ्वीवर पाठविण्यासाठी वापरला. छायाचित्रातील एका ठिपक्याची सहा बिटांची माहिती बत्तीस बिटांत गुंफली जाई आणि वाटेत सात बिट बिघडले तरी मूळ माहिती सापडे. श्रीखंडे यांनी पुढे मुंबई विद्यापीठातील गणित विभागाची उभारणी केली आणि २०२० मध्ये, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या कथेचा उत्तरार्ध अधिक विलक्षण आहे. छत्तीस अधिकाऱ्यांचे जे कोडे सामान्य गणितात अशक्यच आहे, ते क्वांटम अवस्थांच्या साहाय्याने सुटते, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात दाखविण्यात आले. ते काम मद्रास आयआयटीतील आणि पोलंडमधील संशोधकांनी मिळून केले. आणि त्या उत्तरातून काय निष्पन्न झाले? क्वांटम त्रुटी ओळखणारा एक नवा संकेत! ज्या प्रश्नाशी नागपूरच्या एका अध्यापकाने झुंज दिली, तोच प्रश्न साठ वर्षांनी या नव्या शास्त्राच्या दारात उभा राहिला. वारसा याहून वेगळा काय असतो?

परावलंबनाची किंमत

हा विषय केवळ नोकरीचा असता, तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. यात राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न गुंतलेला आहे. बँकांचे व्यवहार, सरकारी पत्रव्यवहार, संरक्षणविषयक संदेश यांतील बरीच कुलुपे एका गणितावर उभी आहेत : प्रचंड संख्येचे अवयव पाडणे सामान्य संगणकाला जमत नाही. पुरेसा मोठा आणि चुका सुधारणारा क्वांटम संगणक ते करू शकेल, हे शोर यांनी १९९४ मध्येच दाखविले. त्यासाठी किती क्यूबिट लागतील? आज प्रचलित असलेल्या २०४८ बिटांच्या कुलुपासाठी २०१९ चा अंदाज दोन कोटींचा होता. गिडनी यांनी मे २०२५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ पुरेल. यंत्र तेवढे मोठे अजून कोणाकडेही नाही. पण सहा वर्षांत ही गरज विसाव्या हिश्श्यावर आली, ती अधिक चतुर गणित आणि अधिक चांगल्या त्रुटी-सुधारणेच्या बळावर. परकीय सत्तेने आज साठवून ठेवलेला आपला गुप्त संदेश उद्या उघडला जाऊ शकतो, याचे भान ठेवूनच अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलुपांची मानके जाहीर केली.

भारत स्वस्थ बसलेला नाही, ही समाधानाची बाब. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानाला संमती दिली. ६००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आणि आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटांची यंत्रे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डीआरडीओच्या सहकार्याने तयार झालेल्या सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये झाली. पुण्याच्या आयसर संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. मुंबई आयआयटीकडे अभियानातील संवेदन आणि मापन या विषयाचे केंद्र आहे. बंगळूरच्या एका भारतीय कंपनीने २०२५ मध्ये पंचवीस क्यूबिटांचा संगणक सादर केला.

परंतु अनुभवाने शिकायचे असेल तर १९८० च्या दशकाकडे पाहावे. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम' साकारला. त्यावेळी नकार मिळाल्यावर धावाधाव झाली. या वेळी नकाराची वाट पाहावी काय? यंत्र एक वेळ विकत मिळेल. त्याच्या चुका दुरुस्त करणारी बुद्धी विकत मिळत नाही.

शंका रास्त आहेत

या विचारावर काही आक्षेप येतील आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला आक्षेप : या क्षेत्रात नोकऱ्या किती? आज थोड्याच. अनेक जागांसाठी पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट मागितली जाते. कर्ज काढून मुलाला शिकविणाऱ्या खाण कामगाराला 'थांब, आणखी पाच वर्षे शीक' असे सांगणे सोपे नाही. दुसरा आक्षेप : हे यंत्र उपयोगाचे केव्हा होणार, याची तारीख कोणी देऊ शकत नाही; गाजावाजा फार आणि फळ दूर, अशी स्थिती आहे.

दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. म्हणूनच प्रत्येकाने क्वांटमच्या मागे धावावे, असा आग्रह कोणी धरू नये. पण या कामासाठी जी तयारी लागते, ती कोठेही वाया जाणारी नाही. ज्याला आलेखशास्त्र आणि बीजगणित येते, जो वेगवान आणि निर्दोष आज्ञावली लिहितो, तो दूरसंचार, उपग्रह, रेल्वे सिग्नल, वीज वितरण अशा कोणत्याही क्षेत्रात मान मिळवील. खरा धोका उलट बाजूने आहे. तासांच्या हिशेबाने परदेशी ग्राहकाचे काम करून देणे, एवढ्यालाच संगणक अभियांत्रिकी समजणारी पिढी घडली, तर ते काम कृत्रिम बुद्धिमत्ता सहज हिरावून नेईल. ठरलेल्या उत्तरांची नोकरी संकटात आहे. प्रश्न सोडविणाऱ्याची नाही.

करता येण्याजोगे

मग करावे काय? पहिली गोष्ट पैशाची. खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनुसार खाण असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले असून, खाणीमुळे बाधित गावांसाठी त्याचा निधी खर्च व्हावयाचा असतो. शिक्षण हा त्यातील अग्रक्रमाचा विषय आहे. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात या निधीतून केवळ भिंती आणि सभामंडप उभे राहू नयेत. माजरी, घुग्गुस, बल्लारपूर अशा गावांत गणित आणि संगणकाची एकेक अभ्यासिका उभी राहिली, तेथे पाच-दहा लॅपटॉप, अखंड वीज आणि एक जाणता शिक्षक असला, तर कोळशाच्या पैशाचे याहून चांगले विनियोजन कोणते?

दुसरी गोष्ट शिक्षणसंस्थांची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने क्वांटम तंत्रज्ञानाचा जोड-अभ्यासक्रम पदवीस्तरावर सुरू करण्यास २०२४ मध्ये वाट मोकळी करून दिली. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने त्याचा लाभ घ्यावा. आलेखशास्त्र हा 'परीक्षेपुरता' विषय राहू नये, एवढे झाले तरी अर्धे काम साधले.

तिसरी गोष्ट समाजाची आणि ती पैशाने होत नाही. गावातून बाहेर पडून नाव कमावलेल्या अभियंत्यांनी वर्षातून आठ दिवस गावातील मुलांना द्यावेत. वाचनालयांनी, गणेशोत्सव मंडळांनी, सेवाभावी संस्थांनी गणिताच्या कोड्यांचे मेळावे घ्यावेत. विदर्भातील प्रत्येक शाळेत श्रीखंडे यांचे चित्र लागावे आणि छत्तीस अधिकाऱ्यांचे कोडे मुलांपुढे ठेवले जावे. ते सुटणार नाही. पण का सुटत नाही, याचा शोध घेताना एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात जी ठिणगी पडेल, ती कोणत्याही शिकवणी वर्गात विकत मिळत नाही.

त्रुटी-सुधारणेच्या शास्त्राने एक मोठे सत्य सिद्ध केले आहे. प्रत्येक घटक सदोष असला तरी त्यांची जुळणी योग्य रीतीने झाली, परस्परांवर दक्ष नजर राहिली आणि चूक वेळीच ओळखली गेली, तर त्यांतून निर्दोष कार्य उभे राहू शकते. मात्र त्यासाठी घटकांची गुणवत्ता एका किमान पातळीवर असावी लागते. त्या पातळीखाली कितीही घटक जोडले तरी चुकाच वाढतात. समाजालाही हा नियम लागू आहे. खाणीने माजरीकडून जमीन घेतली, पाणी घेतले, अनेकांचे आरोग्य घेतले. जमिनीखालचा कोळसा संपण्याआधी जमिनीवरच्या मुलांची गुणवत्ता त्या किमान पातळीवर नेणे, हे त्या ऋणाचे व्याज आहे. ते आज फेडले नाही, तर खाण बंद होईल त्या दिवशी माजरीच्या हाती काहीच उरणार नाही.